तीन पळ्या पाणी

"पळीभरच घ्यायचं. मान खाली. पळी ओठाला लावायची नाही, तळहातावरून घ्यायचं. एक घोट उतरला की दुसरा, दुसरा उतरला की तिसरा. मध्ये बोलायचं नाही, कुठं बघायचं नाही."

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला तीर्थ घ्यायला शिकवलं. मी बी.कॉम. झालेली. मनात म्हटलं, पाणी कसं प्यायचं हे काय शिकवायचं? त्या गेल्या त्यालाही आता बारा वर्षं झाली. रोज पूजा झाली की तांब्याच्या पंचपात्रीतून तीन पळ्या पाणी. अडचणीचे दिवस सोडले तर बत्तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही.

आमचे हे, नरहरी कुंभोजकर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला बोली पुकारायचे. अलीकडे बोली पडद्यावर चालते, व्यापारी घरी बसून आकडे टाकतात. तरी बाजार समितीने यांना ठेवून घेतलं होतं, कारण यांचा आवाज कानावर पडल्याशिवाय शेतकऱ्यांना सौदा झाल्यासारखंच वाटत नसे. घरीही तोच आवाज. बाहेर पडताना दारातून "वैजू, येतो गं" म्हणाले की गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाला मान वर करून बघायचा. जेवताना तर बोलण्याला ऊत. मी मात्र मौनाने जेवते. आधी चातुर्मासापुरता नेम होता, पुढे बारा महिने झाला. हे म्हणायचे, "मी रेडिओशेजारी बसून जेवतोय असं तुला वाटत असेल, आणि मला भिंतीशेजारी."

मग यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. सुपारीचं खांड गालात ठेवायची सवय होती, ते निमित्त झालं असावं. हिवाळ्यात मिरजेला ऑपरेशन झालं, नंतर किरणांचे तीस शेक. गाठ गेली, आणि तिच्याबरोबर घशातल्या नसाही गेल्या. पोटाला नळी बसली. पातळ अन्न सिरिंजने नळीतून जायचं आणि हे समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. तोंडात साठलेली लाळसुद्धा वाटीत टाकावी लागायची. बोलणं जाडंभरडं का होईना, परत आलं. गिळणं मात्र आलं नाही.

आषाढात यांच्या घशात धागा घातला.

तो धागा काय होता, ते मला ऐश्वर्या मगदूमने समजावलं. गिळायला शिकवणं हेच तिचं काम. पंचविशीतली, तुरुतुरु चालणारी, सगळ्यांना काका-काकू म्हणणारी मुलगी. ती म्हणाली, "काकू, आपण घोट घेतो तेव्हा एका सेकंदात पंचवीस-तीस स्नायू ठरलेल्या क्रमाने हलतात. मधेच श्वासाचं दार बंद होतं, अन्ननलिकेचं उघडतं. क्रम जरा चुकला की पाणी फुफ्फुसात. काकांच्या पेशींपासूनच आम्ही केसासारखा बारीक धागा वाढवला. त्याच्या आधाराने नवीन नसा फुटतील. पण त्या अडाणी असतात हो. कुणी कधी हलायचं, हे त्यांना ठाऊक नसतं."

"मग कोण शिकवणार?"

"तुम्ही."

माझ्या गळ्यात तिने एक पट्टा बांधला. बोटभर रुंद, मऊ, पाण्याने न भिजणारा. यांच्या मानेत कातडीखाली तांदळाएवढे दाणे बसवले होते. मी घास गिळला की पट्टा माझ्या स्नायूंची हालचाल टिपणार, ती त्याच क्षणी त्या दाण्यांकडे जाणार, आणि दाणे यांच्या घशाला तसंच हलवणार. मोबाइलसारखंच, घरात असा नाहीतर गावाबाहेर. वॉर्डात त्याला सगळे जोडपट्टा म्हणत.

मी विचारलं, "माझं गिळणं एकदा टिपून ठेवून परत परत नाही का लावता येणार?"

"करून बघितलं. मेंदू हुशार असतो. दोन दिवसांत ओळखतो की हे तेच ते आहे, आणि कान बंद करतो. समोर जिवंत माणूस हवा. तेच अन्न, तीच वेळ. त्याचा हात ताटाकडे गेला की मेंदू स्वतःहून तयारी करतो. तीन वेळा जेवायचं, काकू, दोघांनी समोरासमोर. बाकी वेळीही पट्टा काढायचा नाही. चौऱ्याऐंशी दिवस. त्यानंतर नसा जिथे असतील तिथे घट्ट होतात. मग जे आलं ते आलं, नाही आलं ते नाही."

चौऱ्याऐंशी दिवस, तेही चातुर्मासात. आणि चातुर्मासात मी एकदाच जेवते.

उपाध्यायांना फोन लावला. ते म्हणाले, "आतुराला नियम नसतो, वहिनी." मी म्हटलं, "पण आतुर हे आहेत, मी तर धडधाकट आहे." ते हसले आणि फोन ठेवला. शेवटी मी देवापुढे बसून स्वतःच ठरवलं. तीन वेळा जेवेन, पण अळणी जेवेन. यांच्या तोंडाची आग होत असल्याने मीठ यांनाही नकोच होतं. मौन मात्र तिन्ही वेळा पाळेन.

ऐश्वर्याने पहिल्या आठवड्याची आमची रेघ स्क्रीनवर लावली आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. "हे बघा या." बाकीच्या जोड्यांच्या रेघा कोंबडीने पाय ओढल्यासारख्या. घास तोंडात असताना बोलणं, हसणं, टीव्हीकडे बघून खाकरणं, सगळं त्यात उतरलेलं. माझी रेघ स्वच्छ. एक घास, एक डोंगर. मग सपाट. मग पुन्हा डोंगर.

"काकू, तुम्ही ट्रेनिंग घेतलंय का कुठे?"

"ती तीस वर्षं माझ्याशी बोलायचं टाळत होती," हे आपल्या जड जिभेने म्हणाले. "त्याचा हा फायदा."

विसाव्या दिवशी यांनी घट्ट पेज गिळली. पस्तिसाव्या दिवशी गुरगुट्या भात. मी समोर बसून घास उचलायचे, आणि यांचा कंठ माझ्याबरोबर वर जायचा, खाली यायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं एका तालात आम्ही काहीच केलं नव्हतं. देवळात आरतीला टाळ वाजवताना सुद्धा हे पुढे पळायचे.

पण पाणी जमेना. पातळ पाणी सगळ्यात अवघड, ते वाट बघत थांबत नाही. चमचाभर घेतलं की हे लालबुंद होऊन खोकायचे. आणि पाणी जमल्याशिवाय पोटाची नळी निघणार नव्हती. यांना तेच हवं होतं. भात नको, पक्वान्न नको, स्वतःच्या हाताने एक भांडं पाणी. एकदा आंघोळीच्या वेळी नळाखाली ओंजळ धरून नुसते बघत उभे राहिलेले मी पाहिले.

सेहेचाळीसाव्या दिवशी मिरजेला ऐश्वर्याने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "काकू, मनाची तयारी असू दे. काही जणांना पाणी जमत नाही." मी मान डोलावली. खिडकीबाहेर एक बाई वाळत घातलेल्या चादरी काढत होती, तिच्याकडे बघत उभी राहिले. डोळे पुसले, पदर नीट केला, आत आले.

हे पलंगावर बसलेले. म्हणाले, "रडलीस?"

"छे. बाहेर वारा आहे."

"तीन वेळा." यांनी स्वतःच्या कंठावर बोट ठेवलं. "आवंढा आला. एक, दोन, आणि मग मोठा."

पट्टा गळ्यातच होता, ते मी विसरून गेले होते. हे म्हणाले, "वैजू, हे दिवसातून बऱ्याचदा होतं गं. आता सहा आठवडे मोजतोय मी. आधीही व्हायचं?"

शेजारच्या पलंगावरून शब्बीर सतारमेकर बोलले, "सौदेवाले, असले प्रश्न बायकोला विचारायचे नसतात. उत्तर मिळालं तर काय करशील?"

शब्बीरभाई मिरजेचेच. भोपळा कोरून सतारी बनवणारे. त्यांचाही घसा, त्यांनाही धागा, पण यांच्यानंतर एकोणीस दिवसांनी घातलेला. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. त्यांच्यासाठी टिपून ठेवलेलं गिळणं लावायचे. दोन दिवस घसा हलायचा, मग गप्प. दर आठवड्याला नवीन टिपण लावायचं, पुन्हा तेच. हे दोघं भेटले की एकमेकांना बोलल्याशिवाय राहत नसत.

त्या दिवशी निघताना हे त्यांना म्हणाले, "माझं पाणी उतरलं ना, की तुझ्याकडे येतो. मी गिळीन, तू शीक. शब्द दिला."

"आधी स्वतः तर गिळ," शब्बीरभाई म्हणाले. "मग पुकार."

सत्तराव्या दिवशीची परीक्षा वाईट गेली. ऐश्वर्याने मला कितीदा सांगितलं होतं, पाणी पिताना हनुवटी खाली घ्या, घोट लहान घ्या. मी घेत होते. पण यांच्यासमोर भांडं उचललं की माझाच जीव घशात यायचा. घोट सरळ उतरायचाच नाही. माझ्या चिंतेचीच शिकवणी चाललेली यांच्या घशाला. घरी येताना विजेच्या बसमध्ये हे एकदाच बोलले, "नळी तर नळी. त्यात काय." मी खिडकीकडे तोंड केलं, आणि आवंढा यायला नको म्हणून मनातल्या मनात पाढे म्हणत बसले.

पूजेला बसताना मी पट्टा काढून ठेवत असे. आमचं देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. शेजारी खिडकी आहे, त्यातून फाटक दिसतं. त्या खिडकीत पट्टा ठेवायचा, आंघोळ करून सोवळं नेसायचं, मग बसायचं. दवाखान्यात शंभर हातांनी हाताळलेली वस्तू गळ्यात घालून देवाला शिवणं मला रुचत नव्हतं. ऐश्वर्याला ते मी सांगितलंही नव्हतं. बाकी वेळ काढायचा नाही म्हणाली होती, आणि रोज तासभर मी काढत होते.

एकाहत्तराव्या दिवशी सकाळी काढायचा राहिला.

आदल्या दिवसाचं ओझं डोक्यात होतं. आंघोळ झाली, सोवळं नेसले, पूजा झाली, निरांजन ओवाळलं, आणि पट्ट्याची आठवणच नाही. तळहात पुढे केला. पळीभर पाणी. मान खाली. उतरलं. दुसरी पळी. उतरली. तिसरी.

बाहेरच्या खोलीत लाळेची वाटी खाली पडल्याचा आवाज आला.

मी सोवळ्यानेच धावले. हे खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात गळ्याशी. खोकत नव्हते. डोळे मात्र एवढे मोठे.

"आत्ता काय केलंस?"

"काही नाही. तीर्थ घेतलं." आणि त्या क्षणी माझा हात गळ्याकडे गेला. पट्टा होता.

"लाळ गेली," हे म्हणाले. "आत गेली. तीन वेळा, सरळ. मी काही केलं नाही. वैजू, परत घे."

"परत काय? तीर्थ आहे, चहा नव्हे, मागेल तेव्हा घ्यायला."

"मग साधं पाणी घे. पण तसंच घे."

मी स्वयंपाकघरातून भांड्यात पाणी आणलं, तळहातावर घेतलं, मान खाली केली. यांची नजर माझ्यावर रोखलेली. झालं, पुन्हा तोच अडखळलेला घोट. यांनी मान हलवली. "नाही. हे आपलं दवाखान्यातलं."

हे लगेच पाण्याच्या घागरीकडे निघाले होते. मी यांचा हात धरला. असा हात मी कधी धरला नव्हता, हेही चमकून थांबले. विचारल्याशिवाय एक थेंब देणार नाही म्हटलं, आणि ऐश्वर्याला फोन लावला. सगळं सांगितलं. पट्टा रोज काढत होते, तेही सांगितलं. मला वाटलं रागावेल. पण ती इतक्या भराभर बोलायला लागली की मला दोनदा विचारावं लागलं.

"काकू, रेघ माझ्यासमोर आहे, सात वाजून बावन्न मिनिटांची. मी असा घोट नोकरीत बघितला नाही. हनुवटी बरोबर, श्वास बरोबर थांबलेला, घोट चार मिलीलिटरचा, तिन्ही सारखे. मी तुम्हाला शिकवत होते तेच, पण तुम्ही लक्ष देऊन केलं की बिघडतं. हे तुमचं शरीर आपोआप करतंय. किती वर्षं?"

"बत्तीस."

"उद्या या. ते पात्र, ती पळी, काय असेल ते सगळं घेऊन या. आणि आज पाणी देऊ नका हां, अजिबात."

त्या दिवशी मी देवासमोर हात जोडले आणि म्हटलं, विटाळ झाला असेल तर माझ्या माथी. पण खरं सांगते, मनात खंत शोधली तर ती सापडेना. आत नुसती धडधड होती, लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशी व्हायची तशी.

दुसऱ्या दिवशी घरून पूजा करूनच निघाले. तीर्थ झाकणाच्या गडूत घेतलं, पळी-पंचपात्री रुमालात बांधली. एक्स-रेच्या खोलीत स्टीलचं टेबल होतं. मी त्यावर माझा धूतवस्त्राचा तुकडा अंथरला, वर पंचपात्री ठेवली. मशीन चालवणारा तरुण अवघडून उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "मावशी, चपला काढू का?"

"काढा," हे खुर्चीतून म्हणाले. "आणि माझा फोटो चांगला काढा."

यांच्या तळहातावर ऐश्वर्याने मापून पाणी ठेवलं, एक्स-रेत दिसेल असं औषध मिसळलेलं. माझ्या तळहातावर तीर्थ. तिने दिवे मंद केले आणि म्हणाली, "काकू, आम्ही इथे नाही."

मी डोळे मिटले. सासूबाईंचा आवाज आठवला. कुठं बघायचं नाही. यांच्याकडेही नाही. मान खाली घातली.

पहिला उतरला. दुसरा. तिसरा उतरला तरी मी डोळे उघडले नाहीत, खोकल्याची वाट बघत बसले. खोकला आला नाही. उलट ऐश्वर्याचं नाक ओढणं ऐकू आलं.

पडद्यावर यांचा घसा, करड्या सावलीसारखा. तिने पुन्हा लावून दाखवलं. काळ्या पाण्याची एक बारीक धार जिभेवरून खाली येते. श्वासाचं दार मिटतं. धार त्याला वळसा घालून मागच्या वाटेने सरळ खाली जाते, रोजच्या वाटेने घरी जाणाऱ्या माणसासारखी. एक, दोन, तीन. बाजूला एक ठिपकासुद्धा नाही.

"अजून एकदा दाखव," हे म्हणाले. तिने दाखवलं. "अजून एकदा." पाचव्या वेळी तो मशीनवाला म्हणाला, "काका, तिकीट लावावं लागेल आता."

पुढचे बारा दिवस आमच्या घरी रोज सकाळी दोघांनी तीर्थ घेतलं. पट्टा मी काढला नाही. हे आत येऊन माझ्याशेजारी पाटावर बसायचे, गप्प. तीन पळ्यांचं पाच झालं, पाचाचं अर्धी वाटी. मग एक दिवस माझा हात थांबला तरी यांचा कंठ आपला आपण हलला. चौऱ्याऐंशीव्या दिवशी पोटाची नळी निघाली. त्या दुपारी यांनी माठातलं भांडंभर पाणी घेतलं, अंगणात जाऊन उभे राहिले, आणि मान खाली घालून घोटाघोटाने सगळं प्यायले. मी दारात होते. किती वेळ लागला सांगता येणार नाही, भाजीवाली येऊन गेली तेवढा.

संध्याकाळी ऐश्वर्याचा फोन आला. शब्बीरभाईंचं यांनीच तिला विचारलेलं होतं. ती म्हणाली, "काका, करून बघू. तुमच्या घशात तसाच धागा आहे, शब्बीरकाकांच्या घशाला तुमची लय जवळची वाटेल, असा माझा अंदाज आहे. पण त्यांचे एकोणीसच दिवस राहिलेत. रोज तीन वेळा यावं लागेल. आणि जेवताना एक शब्द बोलायचा नाही, काकूंसारखं. जमेल?"

"जमेल," हे म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, मी जाते हवं तर. तुमच्या अंगात अजून ताकद नाही."

"शब्द मी दिलाय."

"एकोणीस दिवस गप्प जेवणार तुम्ही?"

"त्यात काय," हे म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "तू कशी गप्प बसायचीस गं? मनात काय चाललेलं असायचं?"

"तुमचं बोलणं ऐकत असायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले होते, पट्टा सवयीने अजून गळ्यातच होता. घंटा वाजवून झाली तेव्हा बाहेरच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. रोजच्यासारखी हाक येईल म्हणून मी वाट बघितली. आली नाही. पूजेत व्यत्यय नको म्हणून असेल. खिडकीतून हे अंगणात दिसले. पांढरा सदरा, गळ्यात नवा पट्टा, हातात कापडी पिशवी, तिच्यातून सासूबाईंच्या छोट्या तांब्याच्या लोटीचा काठ दिसत होता. कधी काढून घेतली कोण जाणे.

माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं. मी ते गिळलं.

फाटकाशी हे थांबले. एक हात गळ्यावर गेला. मागे वळून बघितलं नाही. दुसरा हात, पिशवीसकट, जरासा वर केला, आणि फाटकाची कडी आवाज न करता लावून मिरजेच्या बसकडे चालू लागले.